ताबा कुणाकडे

दि. ४ मार्च
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

बाबा परवा हरवले होते. सापडले, हे आधी सांगतो. त्यांचं विसरणं वाढलंय. मला वाटलं, ते वहिनीजवळ आहेत. तिला वाटलं, माझ्याजवळ, शिलाई मशीनशेजारी. ते होते न्हाव्याच्या खुर्चीत. आदल्याच दिवशी केस कापले होते. न्हावी म्हणाला, डोक्यावर काही शिल्लक असतं तर कापलं असतं. हसलो खरं, पण मोठा रस्ता ते एकटे ओलांडून गेले होते.

तुझं कॅप्टनचं प्रशिक्षण मे महिन्यातच ना? वर गेल्यावर विमान आपोआप चालतं म्हणे. मग तुम्ही दोघं पायलट माश्या मारता का, असं वहिनी विचारते.

आशीर्वाद आहेतच, पत्र मात्र तू पाठवावंस.
तुझा दादा

दि. ११ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा सापडले हे आधी लिहिलंस, बरं केलंस. वहिनीला सांग, तेवढ्या उंचीवर मारायला माश्याही नसतात. विमान यंत्र सांभाळतं, पण यंत्राला सांभाळावं लागतं. एकजण इंधन, वारा, पुढचे ढग बघतो, दुसरा जमिनीशी बोलतो. जेवणही दोघांचं वेगवेगळं, म्हणजे बिघडलं तर एकाचंच पोट बिघडेल.

सगळ्यात कडक नियम विमानाच्या ताब्याचा. देणाऱ्याने ताबा तुझ्याकडे म्हणायचं, घेणाऱ्याने ताबा माझ्याकडे म्हणायचं. उत्तर ऐकल्याशिवाय हात काढायचा नाही. मान डोलावलेली चालत नाही. दुसरा बघतोय असं दोघांनाही वाटलं, की विमान कुणाचंच नसतं. बाबांचं नेमकं तेच झालं. घरात करून बघा.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी चिमणी

दि. २ एप्रिल
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

नियम लागू केला. वहिनी बाहेर निघाली की दारातून ओरडते, मी मशीनवरून उत्तर देतो. शेजाऱ्यांना वाटतंय, आम्ही घर विकलं. बाबांनाही ऐकून ऐकून पाठ झालंय. काल चहाचा कप पुढे करून ताबा तुझ्याकडे म्हणाले, आणि मी उत्तर देईपर्यंत कप सोडला नाही.

वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात ठरलंय. नंतर ती बरेच दिवस अंथरुणावर. दुकान, ती आणि बाबा, एकट्याला जमेल असं वाटत नाही. बाबांना तेवढ्यापुरतं वृद्धाश्रमात ठेवावं का, हा विचार छळतो. तू मात्र प्रशिक्षण सोडून येऊ नकोस. मी बघतो.

काळजी करू नये, एवढं ऐकावं.
तुझा दादा

दि. ९ एप्रिल
ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी बघतो हे वाक्य आमच्याकडे चालत नाही. प्रशिक्षणाची पुढची तुकडी हिवाळ्यात आहे. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण रजा दिली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बाबा परक्या खोलीत आपलं दार शोधत फिरतील, ते मला सोसणार नाही.

महिनाअखेर येते. ताबा देशील ना? तुला सवय नाही, म्हणून विचारते.

रागावलास तरी लोभ कायम ठेव.
तुझी चिमणी

दि. १५ एप्रिल
चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून बरी झोप लागते. कॅप्टन येणार म्हणून बाबांना सांगितलं, तर ते उठून सदऱ्याची बटणं लावायला लागले. तू अजून झाली नाहीस, हे त्यांना सांगितलं नाही.

ताबा तुझ्याकडे. उत्तर दारात येऊन दे. तोवर हात काढत नाही.
तुझा दादा