कोट धंद्याचा, अंग माझं

मु. लडलो,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

तीर्थस्वरूप विनीताईस,

धाकट्या क्लेमेंटचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत, कोंबड्या आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही ठीक असावीत. मी खुशाल आहे. खोकला आहे, पण धुराडी झाडणाऱ्याला खोकला नसेल तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही.

लिहिण्याचं निमित्त आयकराचं. माझे धंदे तीन, हे तू जाणतेसच. शुक्रवारपर्यंत धुराडी झाडतो. शनिवारी शेपटीचा काळा कोट चढवून, ब्रश घेऊन, लग्नाला धुराडेवाला शुभ म्हणून लग्नघरच्यांसाठी चर्चच्या दारात उभा राहतो, म्हणजे नवरी शकुनाचा मुका घेते (गालाचा, आणि फोटोपुरता). डिसेंबरभर रोपांच्या दुकानात नाताळबाबा होतो. आता खरी काजळी नवरीच्या झग्याला लागते, म्हणून शुक्रवारी ती घासून काढायची आणि शनिवारी विकतची, न पुसणारी काजळी फासायची. मग साबणाचा खर्च कुठल्या धंद्यात धरायचा? बाबा असते तर म्हणाले असते, अंघोळच करू नकोस.

माझ्या पावत्या बेडोजबाई बघतात. (विधवा, वय छप्पन्न, चष्मा दोरीला, केकचा हात उत्तम.) मी पावत्या कोंबतो तो बिस्किटांचा डबा त्यांनी टेबलावर उपडा केला आणि साबणाचा निकाल पाच मिनिटांत लावला. खरं घोडं कोटाशी अडलं. दोनशे चाळीस पौंडांचा, मापाचा शिवलेला. त्याची वजावट सोडायची माझी तयारी नव्हती आणि बाईंना नियम सोडवत नव्हता. कोट निव्वळ धंद्याचा असेल तरच पूर्ण वजावट. हौसेनं एकदा जरी घातला तरी विसरा.

"घरच्या समारंभाला घालाल?" त्यांनी विचारलं.

"बाई, मला समारंभाला बोलावतंय कोण?"

त्या हसल्या नाहीत. कोट कामाशिवाय अंगाला लावणार नाही, असा कागद त्यांनी समोर ठेवला. मी झोकात सही ठोकली. त्यावर त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अजून विचार करा, क्लेमेंट." (चार वर्षांत पहिल्यांदा नावानं.) मला वाटलं, करखात्याची भीती घालतायत. वजावट पदरात पडली होती, केकचे दोन तुकडे पोटात होते. मी समाधानानं निघालो.

कळावे, लोभ आहेच, तो करपात्र नाही.

तुझा,
क्लेमेंट

ता.क. फाटकापर्यंत गेलो आणि बाई कुठल्या समारंभाचं विचारत होत्या, त्याचा डोक्यात उजेड पडला. परत जाऊन दार ठोठावलं आणि विचारलं. ऑल्विन (म्हणजे बेडोजबाई) हो म्हणाली. लग्न चौदा मार्चला. ताई, मी फार आनंदात आहे.

ता.क. दुसरा. वजावट सोडतो, कोट घालू दे, असं मी विनवून पाहिलं. ती म्हणाली, "सही केली की केली. पुढच्या सहीलाही हाच नियम लागणार आहे." तेव्हा आर्थरभावोजींचा लग्नातला कोट कसरीनं शिल्लक ठेवला असेल तर माझ्यासाठी घेऊन ये.

ता.क. तिसरा, आणि मुख्य. दारात धुराडेवाला नसेल तर शकुन कसला, असं ऑल्विनचं म्हणणं. गावात धुराडेवाला मी एकटा, आणि मी तर आत उभा असणार. बाबांच्या हाताखाली ब्रश धरलेली आता तूच उरलीस. तेव्हा माझा काळा कोट तू घाल. तो कामावरच राहील, नियमही मोडणार नाही. मानधन मिळणार नाही, पण नवरी मुका घेईल.