आतल्या खोलीत नेट येईना

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबांकडची टेलिफोनची जुनी तार आज कापली. दोन माणसं आली, बाहेरच्या खोलीत दाराशेजारी पांढरा डबा ठोकला, भिंतीला एक भोक जास्तीचं पाडून निघून गेली. नेट आता त्या डब्यातून. बाबांचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मध्ये अकरा पावलं!

मी म्हटलं, लांब वायर आणते. बाबांनी विचारलं, कुठून टाकणार? जमिनीवरून. म्हणजे मी तिच्यात पाय अडकून पडणार, म्हणाले.

तेही खरं. त्यांचे डोळे जाऊन पस्तीस वर्षं झाली, तरी या घरात ते माझ्याहून सरळ चालतात – कारण जमिनीवर काही नसतं. मग टेबलच बाहेर आणू? तर तेही नाही. खिडकी डाव्या हाताला हवी, पलंग पाठीशी हवा. नव्या कॉम्प्युटरचं तर नावच काढायचं नाही. हा चौदा वर्षांचा आहे, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो आवाज म्हणे याच्यातच नीट बोलतो. कोरडा, नाकात बोलणारा बुवा आहे कुणीतरी. कुठलंही बटण दाबा, हा त्याचं नाव घेणार. वर्तमानपत्र, मित्रांची पत्रं, सगळं बाबा त्याच्या तोंडून ऐकतात. दादा म्हणतो, आपल्या दोघांपेक्षा बाबांचा त्याच्यावर जास्त जीव.

तर मग बिनवायरचं करायचं. कुणी? मी. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून पाय भरून येतात, त्यात हे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दुरुस्तीवाल्यांकडे जाऊन आले. सतत खोकतात, पण माणूस समजावून सांगणारा आहे. नखापेक्षा जरा मोठी काळी काडी दिली. कॉम्प्युटरला मागून खोचायची, ती हवेतून नेट पकडते. पण नुसती खोचून भागत नाही, ड्रायव्हर टाकावा लागतो. ते म्हणाले, ही काडी परगावची पाहुणी समजा, तुमच्या जुन्या मशीनला तिची भाषा येत नाही, ड्रायव्हर म्हणजे मधला दुभाष्या. मी म्हटलं, तुम्हीच या ना घरी. यायला तयार होते.

बाबांना सांगितलं तर – नको! तू कर, मी शेजारी बसतो. आणि माऊस उचलून फडताळात ठेव. सगळं बटणांनी करायचं.

मी वैतागून विचारलं, माऊसनं तुमचं काय घोडं मारलंय? म्हणाले, मला न दिसणाऱ्या उंदरामागे मी का लागू?

५ नोव्हेंबर, बुधवार

काडीबरोबर आलेली चकती बाबांच्या मशीननं घेतलीच नाही. चकतीचा कप्पा कधीचा मेलाय. उद्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर उतरवून घेते.

बाबांच्या जिन्यात एक पायरी चुकली. संध्याकाळी त्या जिन्यात काही दिसत नाही. गुडघा हुळहुळतोय. बाबांना बोलले नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पेनड्राइव्हवर घेतला ड्रायव्हर. मालकांनीच जेवणाच्या सुट्टीत उतरवून दिला. चांगले आहेत ते, म्हणून आणखी लाज वाटते. आज एका आजोबांना गोळ्यांची पट्टी दिली, त्यांनीच उलटून पाहिली आणि परत केली – मुदत संपलेली. मी तीनचा आठ वाचला होता. या महिन्यातली दुसरी वेळ. मालक रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, बाई, दिव्याखाली धरून वाचत जा.

दिव्याखालीच होते मी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दोन तास गेले. बाबांनी खुर्चीला खुर्ची लावली, हात मांडीवर ठेवून बसले आणि एकेक बटण सांगत गेले. हे दाब, आता खालचा बाण तीनदा, आता टॅब, ऐक काय म्हणतो तो. मी पडद्यावर बघायला गेले की त्यांना कसं कोण जाणे कळायचं. बघू नकोस, ऐक. मला चीड यायची. माझ्यापुढे पडदा ढळढळीत पेटलेला आहे, तो सोडून त्या नाकातल्या बुवाचं कशाला ऐकू?

आणि एवढं करून तो म्हणाला, हा ड्रायव्हर या मशीनसाठी नाही. दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. ड्रायव्हर चौसष्ट बिटच्या नव्या मशीनचा, आपलं मशीन जुनं, बत्तीसचं. म्हणजे पाहुणी एक बोलणार, दुभाष्या तिसरंच! उपकरणांच्या यादीत काडीच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह तसंच.

निघताना बाबा म्हणाले, खालच्या बाणाला तुझं बोट आता आपोआप जातं. जणू मी पहिलीतली आणि पाटी बरोबर आली!

८ नोव्हेंबर, शनिवार

बत्तीसचा आणला. तर म्हणे याच्या दोन आवृत्त्या, वरून सारख्या दिसणाऱ्या काड्यांच्या पोटात निरनिराळे तुकडे असतात. काडीवर बारीक अक्षरांत दोन किंवा तीन लिहिलेलं असेल ते बघा, इति दुरुस्तीवाले. काळ्यावर करड्या रंगात. खोलीतला दिवा लावला, टेबलावरचा लावला, मोबाइलचा लावला. काडी नाकाला टेकवली. एक ठिपका, त्याच्याभोवती धूर.

अंदाजानं दोनचा टाकला. लागला नाही. तीनचा टाकला. तो घेतला बहुतेक, मशीन बंद करून सुरू करा म्हणाला. केलं. पण नेटवर्कची यादी रिकामी. एक नाव नाही. पडद्यावरची अक्षरं कडेकडेनं गळायला लागली होती, गुडघा ठणकत होता, बसची वेळ होत होती. मी म्हटलं, बाबा, काडी घेतच नाहीये ते. या मशीनवर हे होणारच नाही.

बरं, म्हणाले. चहा टाकतेस?

९ नोव्हेंबर, रविवार

गेले नाही. झोपून काढला दिवस.

दादाचा फोन. नवीन घेऊन टाक ना, मी पाठवतो, वहिनीही तेच म्हणतेय. मी म्हटलं, तू विचार बाबांना. तो विषय सोडलाच त्यानं. मग विचारलंन, डोळे दाखवलेस का. दाखवते म्हटलं. ऑगस्टपासून तेच म्हणतेय. चष्म्याच्या दुकानातून मोठ्या तपासणीची चिठ्ठी दिलेली आहे, पर्समध्ये घडीवर घडी होऊन बसलीय.

बाबांचे डोळे एकोणचाळिसाव्या वर्षी पूर्ण गेले. मी नऊ वर्षांची होते. आधी संध्याकाळचं जायला लागलं, मग कडा, मग उरलेलं. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुलांपैकी एखाद्याला येऊ शकतं. दादा पंचविसाव्या वर्षी तपासून आला – काही नाही! पेढे वाटल्यासारखा सगळ्यांना सांगत सुटला. त्याचं निघालं नाही म्हटल्यावर उरले मी, आणि तपासून घ्यायचा माझा धीरच सुटला. आई आजारी होती, मग आई गेली, मग दुकान. कारणांना काय तोटा.

१० नोव्हेंबर, सोमवार

न दिसणाऱ्या माणसाला पडद्याबद्दल खोटं सांगितलं. सख्ख्या बापाला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठरवून गेले. चप्पल काढताकाढताच म्हटलं, बाबा, आज पुन्हा एकदा बघू या, शनिवारी माझंच काही चुकलं असेल.

ते पलंगावर बसले होते. म्हणाले, "शनिवारी काडी लागली होती."

मी दुसरी चप्पल काढून दोन्ही नीट लावून ठेवल्या.

"काडी लागली की दोन सूर वाजतात, चढते. नाही लागली की एकसारखे तीन ठोके. आधी ठोके वाजले, मग सूर. मी इथंच होतो."

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात? तर म्हणाले, दमली होतीस. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, संपलं, सुटले, एवढंच होतं. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"जिना चढताना तुझा हात भिंतीवरून घासत येतो. पावसाळ्यापासून. आधी येत नसे. शनिवारी दिव्याची बटणं किती वेळा वाजवलीस, मोजलंस का? त्या काडीवर काय लिहिलंय ते तुला वाचता आलं नाही."

"दमते हो बाबा. दिवसभर उभी असते."

"मीही तुझ्या आईला हेच सांगायचो. वर्षभर."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती. मग मी पर्समधून ती चिठ्ठी काढली. कशासाठी काढली कोण जाणे, त्यांना थोडीच वाचता येणार होती! त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी घड्या मोजल्या. चार. एवढे दिवस, म्हणाले.

दुरुस्तीवाल्याला का नको म्हटलं, माऊस का फडताळात गेला, हे मग त्यांनीच सांगितलं. नेट काय, आज ना उद्या कुणीही करून दिलं असतं. तुझ्या बोटांना माहीत व्हायला हवं होतं. तुझ्या डोळ्यांचं नसेल काही, तर फुकट गेली मेहनत, माझं काय जातं?

मला राग आला त्यांचा. अजून आहे. आठवडाभर मला समोर बसवून हा माणूस माझी परीक्षा घेत होता आणि मी त्यांच्यासाठी बस पकडत होते. तसंच उठून आले. बसमध्ये आठवलं, चहाही टाकला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरबाईंची वेळ घेतली. शुक्रवार, सकाळी. मालकांना सुट्टी मागितली, कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी बाबांकडे गेलेच. कालचं कुणी काढलं नाही. त्यांनी आज सकाळी आपल्या एका मित्राला फोन केला होता, तोही डोळ्यांनी अधू, पण यातला पक्का. त्यानं सांगितलं, कधीच बिनवायरचं न चाललेल्या मशीनमध्ये ते काम बघणारी यंत्रणा झोपलेली असते, तिला हलवून उठवावं लागतं. खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि आर, मग एक लांबलचक शब्द. बाबांनी तो एकेक अक्षर करून मला टाइप करायला लावला. मी डोळे मिटले. त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच मिटले. खाली, खाली, खाली – यादी संपेना. बुवा नावं घेत राहिला. त्या यंत्रणेचं नाव आलं तेव्हा मला आधी कळलं, बाबांना नंतर! एंटर. चालू.

आणि नेटवर्कची नावं धडाधड यायला लागली. वरच्या मजल्यावरच्यांचं, समोरच्यांचं, कुणीतरी 'फुकट्यांनो चालते व्हा' असं ठेवलंय. बुवानं तेही गंभीर नाकात वाचलं, तेव्हा बाबा हसले. मग आमचं आलं. पासवर्ड डब्याच्या पोटाशी लिहिलेला, मुंगीएवढा. मी उठणार, तेवढ्यात बाबांनी बारा अक्षरं म्हणून दाखवली. डबा ठोकणाऱ्यांनी एकमेकांना एकदाच सांगितला होता म्हणे.

जोडलं. त्यांनी लगेच वर्तमानपत्र लावलं आणि मी घरात आहे हेच विसरले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तेच आहे. बाबांचंच.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या, घाई केली नाही. हळू जातंय म्हणाल्या. दहा वर्षं, कदाचित पंधरा, कदाचित नाही. संध्याकाळनंतर एकटीनं रस्ता ओलांडायचा नाही. दुकानातलं काम बदलून मागा. मी मान हलवत होते आणि त्यांच्या टेबलावरचं पेन शोधत होते. ते तिथंच होतं, कडेला.

दादाला फोनवर सांगितलं तर तोच रडायला लागला. त्याची समजूत घालता घालता माझं रडायचं राहूनच गेलं.

बाबांना सांगायला गेले तर तोंड उघडायच्या आत त्यांनी टेबलापुढची आपली खुर्ची मागे ओढली. म्हणाले, बस. स्वतः पलंगावर बसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मालकांना सांगितलं. आजपासूनच मी फोनवरच्या मागण्या घेणार, पट्ट्या वाचायच्या नाहीत. दुकानात कुणाला कारण सांगणार नाही म्हणाले. थकवा तोच. मात्र बसायला खुर्ची मिळाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हे वहीत नाही. बाबांच्या टेबलापाशी, पडदा बंद ठेवून लिहितेय. एका ओळीला दहा मिनिटं लागतात. बुवा प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणतोय, माझं सगळं खाजगी घरभर! पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत बाबा पलंगावरून उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि जाताना दार ओढून घेतलं.