नववी ओवी

प्रिय सर,

आज 'आदरणीय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं 'प्रिय'. तेही रागातच!

तुमच्या वाङ्मयेतिहासाची शेवटची मुद्रितं समोर पडली आहेत. शुक्रवारी ती पुण्याला पाठवायची आहेत. सगळी प्रकरणं तपासून झाली, एक सोडून. त्या एका प्रकरणाने मला तीन महिने उन्हातान्हात फिरवलं. आणि तुम्ही? तुम्ही वर्षापूर्वीच निघून गेलात. आता भांडायचं कोणाशी? म्हणून हे पत्र.

तारकर्लीची आनंदी आठवते ना? जात्यावर बसून स्वतःच्या ओव्या रचणारी बाई. पुस्तकातलं सगळ्यात सुंदर प्रकरण तिचं. तुम्ही लिहिलंत, 'तिच्या नऊ ओव्या पुढे देत आहे', आणि दिल्यात आठ! संपादकांनी फोन करून विचारलं, नववी कुठे आहे? मी चिठ्ठ्यांचे सगळे डबे उपसले. आनंदीची एकसुद्धा चिठ्ठी नाही.

सर, चिठ्ठीशिवाय ओळ लिहायची नाही, हा नियम कोणाचा हो? कॉलेजात तुमची विद्यार्थिनी होते तेव्हापासून ऐकत आले. पुस्तकांची यादी कपाटाला लावायला ठीक आहे, म्हणायचात, इतिहास लिहायचा तर घराघरांत जाऊन विचारा, इथे कोण वाचायचं, कोण म्हणायचं, कोण ऐकायचं. चिठ्ठीवर सांगणाऱ्याचं नाव, घर आणि शेजारी कोण बसलं होतं तेही हवं. ऐकणाऱ्याशिवाय वाङ्मय होतच नाही, हे तुमचं पालुपद!

माझ्या स्कूटरवर मागे बसून तुम्ही जिल्हा पालथा घातलात. खारेपाटणला श्रावणात पोथी वाचणाऱ्या आजोबांपाशी तीन दिवस बसलात. वैभववाडीच्या दशावतारी नटाला तुम्ही विचारलंत, संवाद लिहून का ठेवत नाही? तो हसला. "लिवलेला पाठ करूक येता, मास्तर. पण समोरच्यान उलटा इचारल्यान तर काय करतलंय?" परतताना तुम्ही घाटाखाली स्कूटर थांबवायला लावलीत आणि तिथेच दगडावर बसून चिठ्ठी लिहिलीत.

आणि मी एकदा, एकदाच, चिठ्ठीवर 'बहुधा' लिहिलं तर ती टराटरा फाडलीत! "कल्पना करायची तर कादंबरी लिही. मी दोन्ही लिहितो, पण एका टेबलावर नाही." मी रडत घरी गेले होते. तुमच्या गावीही नसेल.

तर ही आनंदी शोधायला मी तारकर्लीत दारोदार फिरले. किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या एका म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आनंदी? हंय चार आनंदी आसत. गाणी म्हणणारी एकय नाय, भांडणारी सगळी!"

मग माझ्या मनात पाल चुकचुकली. कादंबरीकाराने इतिहासात बाई घुसवली तर नाही? तुम्ही? दोन टेबलंवाले? मला इतका संताप आला की प्रकरणच काढून टाकायचं ठरवलं.

सोमवारी डबे परत द्यायला तुमच्या घरी गेले. काकी आडाळ्यावर खोबरं किसत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून तणतणत होते. त्या भरात मुद्रितातली एक ओवी वाचली, "दर्याक येता भरती, दर्याक येता सुकती..."

काकींनी मान वर न करता पुरी केली. "माझ्या हातांक मात्र, खंय गो बाय मुक्ती?"

"ही तुम्हाला कशी येते?" मी विचारलं.

"माझीच ती," काकी म्हणाल्या. "तुका खंय गावली?"

"सरांनी लिहून घेतली होती? तुम्हाला सांगितलं नाही?"

"माका कित्याक सांगतले? मी जात्यार बसलंय काय ते पडवेर कागद घेवन बसत. माका वाटायचा, कादंबरी लिवतत."

कपाळावर हात मारून घेतला मी! तीन महिने येताजाता त्यांच्याच हातची सोलकढी पिऊन मी त्यांनाच शोधायला बाहेर पडत होते. घरचं माणूस इतिहासात घालायचं नाही, हा तुमचा आणखी एक नियम. मामा-काकांनी ग्रंथ फुगवणाऱ्यांना तुम्ही किती हसायचात! म्हणून बाईचं नाव बदललंत, गावही बदललंत? असला कसला प्रामाणिकपणा, सर? नियम पाळण्यासाठी खोटं लिहिलंत तुम्ही.

नववी ओवी मी काकींनाच विचारली. त्या जरा लाजल्या. मग खोबऱ्याचे हात पदराला पुसून म्हणाल्या,

"सगळ्या गावाची गाणी, माझ्या घोवाच्या पेटयेत,
माझा गाणा तेवढा, चुलीच्या धुरात गो बाय."

घोव म्हणजे तुम्हीच की, सर! आता कळलं नववी कुठे गेली. आठ ओव्या बिनधास्त उतरवल्यात, हीच तेवढी जड झाली? 'नऊ' मोजून लिहिलंत आणि ही गाळलीत! मला वाईट वाटतं आणि रागही जात नाही. निदान मरण्याआधी एकदा या बाईला सांगायचं होतंत की तुझ्या ओव्या मी जपल्यात.

पुस्तकात नाव घालू का, विचारलं तर त्या म्हणाल्या, "नको गो. लोक म्हणतले, घोवान बायलेक पुस्तकात घातल्यान." मी काकुळतीला आले. सगळं प्रकरण उडेल, काकी! त्यांनी पुन्हा नारळ किसायला घेतला. वाटी संपल्यावर बोलल्या, "ह्यांनी टाकलेली ती छापतलंस? मगे घाल नाव. नाय तर एकय नको."

तेव्हा सर, माझा शब्द ऐकून ठेवा. शुक्रवारी मुद्रितं जातील ती आनंदी खोडून आणि द्वारका लिहून. ओव्या नऊच्या नऊ छापल्या जातील. तुमचा एक नियम मी मोडते आहे. दुसरा मात्र पाळलाय, चिठ्ठी आजच केली. सांगणारी, द्वारकाकाकी. घर, तुमचंच. आणि शेजारी कोण बसलं होतं, तिथे मी तुमचं नाव लिहिलं आहे.

तुमच्यावर अजून रागावलेली,
मीनल