ह्यांच्या छातीतला आवाज आणि विठू गुरवाचा कौल

रत्नागिरी

तीर्थरूप सुनेत्रावन्सं,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बजावूनही तुम्ही गुहागरच्या वाळूत फिरायला जाता, हे तुमच्या सुनेकडून कळलं (भाऊ जास्त हट्टी की बहीण, हे मी अजून ठरवलेलं नाही). फोन न करता पत्र लिहिते, कारण मी फोनवर बोलू लागले की हे शेजारी बसून तुमचीही उत्तरं देतात आणि माझीही.

ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. आधीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, मर्मर आहे. हृदयाच्या झडपांतून जाताना रक्त खळबळलं की असा जादा आवाज येतो. झडप आखडलेली असते, नाहीतर नीट मिटत नाही. कधी अंगात रक्त कमी असतं, कधी ताप असतो, आणि कित्येकदा काहीच नसतं. नक्की काय ते इको केल्यावर कळेल. इतकं सरळ सांगितल्यावर कुणीही इको केली असती. ह्यांनी विचारलं, बिघाड डोळ्यात असताना छाती कशाला तपासता, आणि चष्मा तिथेच विसरून घरी आले.

मग म्हणाले, देवीला कौल लावतो. (कलमांची फवारणी, आमच्या ईशाचं स्थळ, गाडीचा रंग, सगळं देवीला विचारून झालेलं आहे. रंगाच्या बाबतीत ती गप्प राहिली.) विठू गुरवाने देवीच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं, की तपासणीवाचून निभावणार असेल तर उजवी दे. डावी पडली. हे म्हणाले, पंख्याचा वारा लागला. पंखा बंद केला, तरी डावीच. मग म्हणे प्रश्नच उलटा विचारला. तेव्हा विठूने ह्यांनाच हात जोडले.

"राजाभाऊ, देवीन सांगितलान. आता तुमी आयका."

तेव्हापासून हे विठूशी बोलत नाहीत.

परवा दुपारी हे आडवे झाले असताना मी हळूच ह्यांच्या छातीला कान लावला. मला पोटातली आमटीच तेवढी ऐकू आली. पण वन्सं, फार भीती वाटली हो. हे जागेच होते. म्हणाले, "काय म्हणतंय?"

"तपासून घ्या म्हणतंय."

त्यावर ह्यांनी माझं डोकं उचलू दिलं नाही. तुम्ही थोरल्या, तुमचा शब्द हे मोडत नाहीत. एकदा दरडावून सांगा.

तुमची
नीरजा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि तेवढ्यात हे तयार झाले. अट एकच, ह्यांच्या आधी माझी छाती तपासायची. गेलो दोघं. ह्यांची झडप वयामुळे जरा जाड झाली आहे, काळजीचं काही नाही. तेव्हा दरडावू नका.

पुन्हा ता. क. माझ्या छातीवर बाईंनी यंत्र बराच वेळ ठेवलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, विचारलं. आला होता. त्यातूनच पुढे झडप आखडत गेली म्हणे. चढावर दम लागायचा, तो मी वयावर ढकलत होते. आता ऑपरेशनला कोल्हापूरला जायचं आहे. ह्यांनी कौल लावला नाही. फवारणी टाकून नुसते बसून आहेत. वन्सं, माझ्याजवळ आत डॉक्टर असतील. बाहेर ह्यांच्याजवळ कुणीतरी हवं, आणि हे रडले तर फक्त तुमच्यापुढेच रडतील. तुम्ही या.