मोठ्या आवाजाचा पाना

२ मे, सकाळी

सोसायटीनं डायऱ्या वाटल्या. कामाची नोंद ठेवा म्हणे. सुंदरबाईनं तिच्या डायरीनं चूल पेटवली. मी चौथी शिकलेली हाय. मी लिहिणार.

नोंद: दुष्काळ हाय. आमच्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली. चाळीस म्हशी. चारा म्हणजे ऊस. ऊस बारीक करायला कुट्टीची मशीन हाय, पण तिची दोन्ही पाती बोथट झाली. ऊस कापत न्हाई, चघळून सोडती. पाती खोलायची, धार लावून आणायची, परत बसवायची. चार नट. एवढंच काम.

सेक्रेटरी आप्पाराव मिटिंगमधी म्हणाले, जी बाई हे सांभाळील तिला मशीनचा चार्ज. सगळ्यात आधी माझा हात वर. पंचवीस वर्षं कारखान्याच्या उसात कोयता चालवला. आता बास. कोयत्याला हात लावायचा न्हाई. लोकांनी म्हटलं पाहिजे, ती बघा छबुबाई मशीनवाली.

सुंदरबाई मधीच म्हणाली, माझ्याकडं सासऱ्याचा पाना हाय की. तो पाना वाकडा हाय. सासराही तसाच होता. मी म्हटलं, अगं आता रॅचेटच्या पान्याचा जमाना हाय. पाना काढा, परत लावा, ही भानगडच न्हाई. दांडा मागंपुढं करायचा, नट फिरत राहतो. बीडच्या ट्रेनिंगमधी दाखवलं होतं.

(ट्रेनिंग दोन तासांचं होतं. पहिला तास मी जागी होते.)

४ मे

बीडला गेलते. स्टँडजवळ रुद्रप्पांचं अवजारांचं दुकान. सोसायटीचं पत्र दाखवलं. त्यांनी दोन रॅचेट समोर ठेवले.

एकाच्या आत बहात्तर दात. मी म्हटलं, म्हशीला बत्तीस पुरतात, ह्याला एवढे कावून? ते म्हणाले, जास्त दात म्हणजे अडचणीच्या जागी दांडा जरासा हलला तरी नट पकडतो. हलवून बघितला. आवाज एवढा बारीक की घड्याळ बरं.

दुसरा चोवीस दातांचा. हलवला आन कट्ट! दुकानातलं मांजर पळालं.

मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद. एवढं मला कळतं. चोवीसवाला घेतला.

रुद्रप्पा मागून ओरडत होते, बाई, नट चिकटला असला तर आधी साध्या पान्यानं मोकळा करा! रॅचेटच्या दांड्याला पाइप घालू नका! दुकानदारांना बोलायची सवय असती. एसटी लागली होती. आले.

५ मे

पहिला कट्ट. चाळीसच्या चाळीस म्हशी उठून उभ्या. सरपंच आले तरी बसून असतात ह्या. मान म्हणायचा हा.

चंद्रीही उठली. चंद्री माझी म्हैस. म्हातारी झाली, दात झिजले, अख्खा ऊस चावत न्हाई, तोंडातून खाली टाकती. तिच्यासाठी तरी मशीन लवकर चालू झाली पाहिजे.

सहाशे कट्ट मोजले. नट हलला न्हाई. पण आतून नरम झाला असणार.

संध्याकाळी चंद्रीपुरता ऊस कोयत्यानं तोडला. एकदाच. शेजारच्या म्हशी टक लावून बघायला लागल्या म्हणून त्यांनाही टाकला.

६ मे

आमचे मालक छावणीवर आलते. उगीच आलते. म्हणाले, पान्याच्या डोक्यावरचा खटका उलट्या बाजूला हाय, कालपासून तू नुसती घंटी वाजवतीस. मी म्हटलं, तुमी दूध घालून या.

ते गेल्यावर खटका फिरवला. त्यांनी सांगितलं म्हणून न्हाई. मी तसाही फिरवणारच होते.

कोयता: आजचा दिवस फक्त.

८ मे

अडचण सापडली. माझी न्हाई, मशीनची. बाहेरचा नट अडून बसला म्हणून आतले तीन धरले, तर तिथं चाक आन पत्र्याचं झाकण ह्यांच्या मधी जागाच न्हाई. दांडा दोन बोटं हलतो. कट्ट व्हायला तीन बोटं लागतात. रुद्रप्पांनी हे आधी सांगायला पाहिजे होतं.

म्हणून आज बाहेर उभं राहून हवेत सराव केला. हात चांगला बसला.

आप्पाराव चिडले. म्हणाले, छबुबाई, तुमच्या कट्ट कट्टनं म्हशी दिवसभर उठबस करतात, दुधावर परिणाम होईल. मी म्हटलं, व्यायाम हाय तो.

मशीन बंद म्हणून चाळीस म्हशींचा ऊस कोयत्यानं मीच तोडला. हे कोयता चालवण्यात धरायचं न्हाई. तात्पुरतं हाय.

१० मे, दुपार

बारा तारखेला तहसीलचे साहेब छावणी तपासायला येणार. मशीन बंद दिसली तर छावणी बंद करतील, म्हणाले आप्पाराव. मग चंद्रीनं काय माझी डायरी खायची?

सुंदरबाई पाना घेऊन आलती. लावू का म्हणाली. मी म्हटलं, चहा पी आन जा.

झाकणच काढून टाकलं. डोकं असावं लागतं. आता दांडा पाहिजे तेवढा हलतो. पण उसाचा रस वाळून नट असे चिकटलेत की जणू तिथंच जन्मले. मालकांना हाक मारली. जुन्या हातपंपाचा पाइप दांड्यावर चढवला. दोघं लोंबकळलो.

कडाक.

नट गेला वाटलं. नट जागेवर हाय. पण रॅचेटमधी सुधारणा झाली. आधी एकाच बाजूनं मोकळा फिरायचा, आता दोन्ही बाजूंनी फिरतो. फक्त आवाज येत न्हाई. मालक म्हणाले, दूध घालून येतो.

१२ मे

पहाटंच कोयता घेतला. साहेब यायच्या आत चाळीस म्हशींची कुट्टी तोडून मशीनच्या तोंडाशी ढीग लावला. झाकणही परत बसवलं.

साहेबांनी मूठभर उचलली. सगळे तुकडे बोटभर, एकसारखे. म्हणाले, वा, मशीन लई चांगली ठेवलीय. आप्पारावांनी माझ्याकडं बघितलं. सुंदरबाईनं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, रॅचेटचं काम हाय साहेब.

साहेब म्हणाले, चालू करून दाखवा. मी म्हटलं, आत्ताच थांबवली, गरम हाय. त्यांनी मशीनवर हात ठेवला आन झटकन काढला. उन्हानं तापलीच होती. हुशार माणूस, लगेच पटलं. वहीत शेरा लिहून गेले.

आता चार्ज माझाच.

१३ मे

सुंदरबाईनं वाकडा पाना लावला आन वर वीट हाणली. चार नट, चहाला उकळी येईपर्यंत. मी आठ दिवस नरम केलेले नट. कुणीही खोलले असते.

पाती धार लावायला बीडला गेली. मशीनचा चार्ज सुंदरबाईला. मी आप्पारावांना म्हटलं, साहेबांचा शेरा तरी वाचा. त्यांनी मोठ्यानं वाचला. कुट्टी उत्तम. पाऊस पडेपर्यंत याच प्रतीची ठेवावी.

आप्पाराव म्हणाले, छबुबाई, नव्या धारेनं मशीन चालली तरी असले एकसारखे तुकडे काही पडायचे न्हाईत. साहेब परत आले तर काय दाखवायचं? शेरा सरकारी हाय. पाऊस पडेपर्यंत तुमीच तोडा. मशीन सुंदरबाई पुसून ठेवील.

सुंदरबाई म्हणाली, रॅचेट देऊ का गं उशाला?

१४ मे, सकाळी

कोयता बोथट झाला होता. दगडावर दोनदा घासला, खर्र खर्र.

चाळीसच्या चाळीस उठल्या. चंद्री सगळ्यांच्या आधी.

रॅचेटची सवय लागलेली हाय त्यांना. दुसरं काय न्हाई.