हिच्या नावाची वेल

३ मार्च
कुंडीतल्या मनीप्लँटचे पान तळहाताएवढे. तीच वेल झाडावर चढली की पान सुपाएवढे, शिवाय चिरलेले. असे का? पाहिलेले सर्वांनी असते, विचारत कुणी नाही. कारण मोठे रम्य आहे. वेल लोंबकळत किंवा खुरटलेली राहते तोवर तिची पाने बालरूपातच राहतात. आधार धरून उंच गेली की प्रौढ पाने येतात. एकाच वेलीची दोन रूपे! आज प्रथम वर्षाला तासभर समजावले. वर्ग मंत्रमुग्ध. मागच्या बाकावरचे दोघे तर डोळे मिटून ऐकत होते.

८ मार्च
काचघरातली माझी जंगली वेल निःसंशय नवी प्रजाती आहे. पाने नखाएवढी, खांबाला माशाच्या खवल्यांसारखी चिकटलेली. अजून फूल नाही. पण नव्या प्रजातीला फूल दाखवाच, हा कारकुनी हट्ट. वेल डोक्यावर चढू नये म्हणून दर सोमवारी स्टुलावर उभा राहून शेंडा स्वतः खुडतो. शिस्त!

११ मार्च, संध्याकाळ
प्रजातीला हिचे नाव देणार. ही गेल्या महिन्यापासून भावाकडे आहे, हवापालटासाठी. मेहुण्याचे घर रंगाच्या कारखान्यामागे आहे, पण पालट तो पालटच. फोनवर बातमी दिली. ही म्हणाली, बरं. मग विचारले की हे नाव कुणाचे, का दिले, ते संशोधनाच्या पेपरात लिहावे लागते ना? म्हटले, हो, दोन ओळी. म्हणाली, त्या लिहा, मला वाचून दाखवा, मग यायचं की नाही ते बघते. म्हणजे येणारच. उद्या लिहितो.

१२ मार्च
सवड नाही.

१९ मार्च
पानांच्या शिरांचे वर्णन पूर्ण. साडेतीन पाने! त्या दोन ओळी उद्या, ताज्या डोक्याने.

२ एप्रिल
स्टुलावरून पडलो. घोटा गेला. विभागप्रमुखबाई माझ्याच विद्यार्थिनी, एकेकाळी मला चळचळा कापायच्या. त्यांनी काचघराची किल्ली काढून घेतली. म्हणाल्या, सर, आता घरी बसा; वेलीला पाणी माळी घालेल. मत्सर, दुसरे काय! मेहुणा बघायला आला. म्हणाला, दाजी, ताईनं मलम पाठवलंय, आणि दोन ओळी झाल्या का विचारलंय.

१५ एप्रिल
पेपर जर्नलला धाडला. त्या ओळींच्या जागी ‘मजकूर मागाहून’.

१० जून
उद्यापासून नक्की.

२० सप्टेंबर
जर्नलला ताजे फोटो हवेत. प्रमुखबाईंनी स्वतः कुलूप उघडले. वेल छताला टेकलेली. वरची पाने सुपाएवढी, चिरलेली. कॉलेजच्या फाटकावर जी वेल चढली आहे, तिच्यासारखी. म्हणजे तीच. बाईंनी मान वर करून पाने पाहिली. मग हळूच म्हणाल्या, सर, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? मग इतके दिवस शेंडा कोण खुडत होतं? माळ्याच्या निष्काळजीपणावर मी त्यांना चार शब्द सुनावले.

२१ सप्टेंबर
हिला फोन. प्रजाती तांत्रिक कारणाने रद्द झाली, सबब त्या ओळींची आवश्यकता उरली नाही, असे टप्प्याटप्प्याने समजावले. ही म्हणाली, झाड गेलं चुलीत. माझ्याबद्दलच्या दोन ओळी वाचा, मी फोन धरून बसते. कागद शोधायला गेलो. परतलो तोवर हिने फोन ठेवला होता.

२४ सप्टेंबर, सकाळ
मेहुण्याचा निरोप: ताईनं इथेच खोली घेतलीये, रविवारी टेम्पो घेऊन सामान न्यायला येतो, दाजी, दार उघडं ठेवा.
तातडीने लिहायला बसलो. उंची: मध्यम. डोळे: काळे (?). तीळ: हनुवटीवर, डावीकडे, किंवा उजवीकडे. आवडीनिवडी:
नमुना समोर नसताना वर्णन करू नये, हा शास्त्राचा नियमच आहे. माझा दोष नाही. वर्णन जमते का हे तपासायची रीत मात्र अगदी सोपी, कुणालाही करून पाहता येईल. घरातल्या एका माणसाविषयी, त्याच्याकडे न बघता, खरी ठरतील अशी दोन वाक्ये लिहावीत. मग ती त्या माणसाला वाचून दाखवावीत.
माणूस घरात असेल तर.