गळती नाही

निपाणी, रविवार

प्रिय नागेंद्र,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं, आता खोडत बसत नाही. सतरा वेळा फोन केला, तू एकदाही उचलला नाहीस. शेवटी काल शहापुरात जाऊन तुझ्या आईकडून तुझा बेंगळूरचा पत्ता घेतला. माग थांबवून त्यांनी मला तुझ्या बाळाचा फोटो दाखवला. गोड आहे. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही, इतकी मी तुझ्यावर भडकले आहे.

आपल्या धरणाच्या दुरुस्तीचं काय झालं ते तुला हेड ऑफिसात कळलंच असेल. तुझं एस्टिमेट होतं एक कोटी नव्वद लाखांचं. खर्च चार कोटी साठ लाखांवर गेलाय आणि भराव अजून अर्धा उघडा आहे. ठेकेदार रोज माझ्या टेबलावर बिलं आपटतो. खर्च आटोक्यात ठेवणं माझं काम, म्हणून गेले आठ महिने मी डिझेलचे लिटर आणि मुरमाच्या ट्रिपा मोजतेय, एकेका रोलरच्या भाड्यासाठी भांडतेय. वरून विचारतात, मॅडम, खर्च इतका वाढला कसा? जसा काही मी घरी नेला! भरावाचा पायथा खणला आणि आत पाणीच पाणी निघालं, म्हणून वाढला. ते पाणी तुला ठाऊक होतं.

आठवतोय तो दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल? सगळं रान करपलेलं आणि धरणाच्या पायथ्याला अंगणाएवढ्या जागेत हिरवंगार गवत. मष्णूमामांनीच आपल्याला तिथं नेलं होतं. सव्वीस वर्षं त्या धरणाची राखण केलेला माणूस. चपला काढून चिखलात उभे राहिले आणि म्हणाले, "सायब, हितनं पाणी झिरपतंय. लई आतनं येतंय, बगा." तू हसलास. गळती दाखवली तर आकडा दोन कोटींच्या वर जाईल, फाइल बेंगळूरला जाईल आणि वर्षभर तिथंच लोळत पडेल, असं मला समजावलंस. आधी काम सुरू होऊ दे, मग वाढवून घेऊ. आणि मामांच्या हातात त्यांचंच रजिस्टर देऊन त्यांच्याकडून कन्नडमध्ये लिहून घेतलंस, ‘सोरिके इल्ल’. गळती नाही. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

का फिरवली ते आज सांगते. मला तुझ्याशी लग्न करायचं होतं. तुझ्या गाडीवर मागे बसून साइटवर जायचं, येताना निपाणीच्या स्टँडवर चहा प्यायचा, एवढ्यावर मी खूश होते. तुला आवडणार नाही असं काही बोलायचंच नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. एस्टिमेट तपासल्याची सही माझीच आहे. तू दुसरीकडे लग्न केलंस त्याचा राग केव्हाच ओसरला. हा राग त्या सहीचा आहे, तुझ्यावर आणि तितकाच माझ्यावर.

आता चौकशी लागलीय. खर्च वाढण्याचं कारण म्हणे सापडलं: राखणदारानं गळती वेळेत कळवली नाही. पुरावा काय, तर त्यांच्याच अक्षरातली नोंद. मार्चमध्ये मामा निवृत्त होताहेत आणि त्यांचं पेन्शन अडकवायचं चाललंय. तुला फोन करून करून ते थकले. मी चिडले तर उलट मलाच समजावतात, "सायब कामात असत्याल, आक्का." लाज वाटू दे जरा, नागेंद्र!

परवा त्यांनी जबाब दिला. काय दिला माहीत आहे? मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, चूक माझीच, साहेबांचा काही संबंध नाही. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरून विचारलं, असं का केलंत? म्हणाले, "सायबाचं पोर न्हान हाय, आक्का. नोकरी गेली तर त्येनी काय करायचं?" मला तिथंच रडू फुटलं.

म्हणून काल तुझ्या आईकडे जाण्याआधी मी माझा जबाब देऊन आले होते. ती तारीख, ते गवत, ते रजिस्टर, सगळं लिहून दिलं. पहिलं नाव माझं लिहिलं, दुसरं तुझं. माझी नोकरी बहुतेक जाईल, जाऊ दे. तुला नोटीस येईल, त्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून हे पत्र. पंधरा दिवसांनी जबाब द्यायची तुझी पाळी आहे. खोटं बोलायचं असेल तर खुशाल बोल, पण मष्णूमामांच्या समोर उभा राहून बोल. ते तेव्हाही तुझ्याच बाजूनं मान हलवतील.

एकेकाळी तुझीच,
रक्षा